आधी वावर, मग वर्ग



बोरी अरब असो की दारव्हा तालुक्यातलं दुसरं कोणतं गाव, जून उजाडला की दोन चिंता सोबतच दारात येतात. एक पेरणीची, दुसरी लेकरांच्या शाळेची. बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर पाहतो, पक्कं बिल मागतो. शाळेच्या वेळी मात्र रंगीत फलक पाहतो आणि पोराचं नाव घालून मोकळे होतो. त्यात कोणी 'आमच्या चार ठिकाणी शाखा आहेत' म्हटलं की भरवसा बसलाच समजा. पण राजेहो, फांद्या वाढल्या म्हणजे झाडाला बोंडं धरतीलच असं नाही, हे कपाशीवाल्याला काय सांगावं!

शाळा एका ठिकाणाहून चार ठिकाणी कशी वाढते, हे पाहायचं तर पंडिता रमाबाईंच्या संस्थेचा इतिहास वाचावा. ही ख्रिस्ती संस्था कोणत्याही एका चर्चच्या हाताखाली नव्हती. सरकारी तिजोरीवरही ती उभी राहिली नाही.

बाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला 'शारदा सदन' उघडलं. उद्देश एकच, विधवा मुलींना शिकवून पायावर उभं करायचं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नावाची बालविधवा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. पैसा येत होता अमेरिकेतल्या मंडळाकडून आणि त्यांचं वचन होतं दहा वर्षांचं. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, शाळा पुण्याला हलली.

तिथं १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. बाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात, यावरून बोभाटा झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. शाळा निम्म्यावर येते की काय, अशी अवस्था होती.

इथं बाईंनी जे केलं ते कास्तकाराला लगेच पटेल. दहा वर्षांची मदत एक दिवस संपणार, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून पुण्याजवळ, दौंडच्या रेल्वेवर, केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तिथं विहीर खोदली, फळझाडं लावली. विचार असा की वावर पिकलं तर शाळेला उत्पन्न राहील आणि कोणापुढं हात पसरावा लागणार नाही. इमारत त्यानंतरची.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण त्याआधीच्या एका दुष्काळात गेले होते, त्यामुळं भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. एवढी माणसं शहरात ठेवू देईनात. तेव्हा कामी आलं ते केडगावचं वावर. राहुट्या आणि गोठ्यावजा छपरं उभारून तिथं 'मुक्ती सदन' सुरू झालं. १८९९-१९०० चा दुष्काळ तर आपल्या वऱ्हाडालाही होरपळून गेला. त्या काळात केडगावची संख्या १९०० च्या आसपास गेली.

एवढ्या तोंडांना नुसती पाटी-पेन्सिल देऊन चालत नाही. शेती, दूधदुभतं, तेलघाणा, विणकाम, छापखाना असे उद्योग मुली शिकल्या आणि चालवू लागल्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. 'कृपा सदन'सारखे वेगळे विभाग गरजेप्रमाणं निघाले. १९१२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला बाईंनी मुलगी मनोरमा हिच्या मदतीनं हायस्कूल काढलं. मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. केडगावची संस्था आजही चालू आहे.

यातून आपण काय घ्यायचं? इथं शाखा निघाल्या त्या गरज दिसली म्हणून. आणि गरज येण्याआधी जमीन-पाण्याची सोय झाली होती म्हणून त्या टिकल्या.

आता स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठी महाराष्ट्रात २०१२ चा कायदा आहे. संस्था कोणत्याही धर्माची असो, कोणत्याही पुढाऱ्याची असो, नाव घालण्याआधी चार गोष्टी विचारा. मान्यता याच गावच्या शाळेची आहे की दुसऱ्या गावच्या? प्रत्येक शाळेला स्वतःचा ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, तो मागा. जागा संस्थेच्या नावावर आहे की भाड्याची? सातबारा वाचायला आपल्याला कोणी शिकवायला नको. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी संडास आहे काय? चौथी गोष्ट, शिक्षक इथले कायम आहेत की दोन शाखांत फिरवले जातात?

१८९३ चा वादही विसरू नका. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणं मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. शाळेनं ते आधीच उघड सांगावं, पालकानं आधीच विचारावं. मागून भांडण झालं की नुकसान लेकराचंच होतं.

शेवटचं, पण खरं महत्त्वाचं. कर्ता माणूस गेलेली घरं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्या घरची बाई वावर, कर्ज आणि लेकरं तिन्ही सांभाळते. रमाबाईंची शाळा अशाच बायका-पोरींसाठी होती. म्हणून शाखा मोजू नका. फी भरू न शकणारं लेकरू त्या शाळेत बसतं काय, आणि दहावीपर्यंत टिकतं काय, हे मोजा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं पेरणीआधीच्या ग्रामसभेत अशा घरांतल्या मुलांची यादी करावी आणि गावात येणाऱ्या प्रत्येक शाळेपुढं ती ठेवावी. कोण किती लेकरं घेतो, ते गावासमोर येऊ द्या.