मुलगी लाजाळू, की सोबत वेगळी?

संध्याकाळी वाशी, नेरुळ किंवा खारघरमधल्या एखाद्या सोसायटीच्या आवारात पाहा. दोन-अडीच वर्षांची मुलं-मुली एकाच घसरगुंडीवर असतात. पहिली-दुसरीतली मात्र वेगळी झालेली दिसतात. मुलगे मधल्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळतात आणि मुली कडेला दोघी-तिघींच्या गटात असतात.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिनॉर मॅकोबी आणि कॅरोल जॅकलिन यांनी १९८७ मध्ये याविषयीची आकडेवारी मांडली. साडेचार वर्षांच्या मुली मुलग्यांपेक्षा मुलींबरोबर आणि मुलगे मुलींपेक्षा मुलग्यांबरोबर सुमारे ३ पट वेळ खेळत होते. साडेसहाव्या वर्षी हे प्रमाण ११ पटींवर गेलं.

याच दोघींचा १९७८ मधला प्रयोग पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. एकमेकांना अनोळखी अशा ३३ महिन्यांच्या मुलांना जोड्यांनी खेळायला सोडलं. मुलगी दुसऱ्या मुलीबरोबर असताना मोकळेपणाने खेळायची. जोडीला मुलगा असला, की तीच बाजूला उभी राहून बघत बसायची. म्हणजे 'आमची मुलगी लाजाळू आहे' असं म्हणण्यापूर्वी ती कोणाबरोबर खेळते आहे, हे पाहायला हवं.

सोबतीचा परिणाम पुढेही होतो. कॅरोल मार्टिन आणि रिचर्ड फेब्स यांनी २००१ मध्ये दाखवलं, की जी मुलं आपापल्या गटातच जास्त खेळतात, त्यांच्यातला फरक काही महिन्यांतच वाढतो. मुलगे अधिक धसमुसळे होतात, तर मुलींची धावपळ कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसातून १८० मिनिटं हालचाल हवी. त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हवी. कडेला बसून ती होत नाही.

गट पडणं स्वाभाविक आहे, ते मोडायची गरज नाही. पण आठवड्यातून काही वेळा मोठ्यांनी पुढाकार घेऊन लगोरी, डबा ऐसपैस, लंगडी असे सगळ्यांचे खेळ मांडावेत. संघ पाडताना 'मुलगे विरुद्ध मुली' टाळावं. घरी मुलगा भातुकली मांडून बसला, तर त्याला हसू नये. लहानपणी एकत्र खेळलेल्या मुलांना पुढे एकत्र काम करणं सोपं जातं.