नाकाची दुसरी शस्त्रक्रिया

मराठींत नाक हा शब्द केवळ अवयवाचा राहिलेला नाहीं. अब्रू गेली कीं नाक गेलें, शरण आला कीं नाक घासलें. शिक्षा देणारे पूर्वी नाकच कां कापीत, तें यावरून ध्यानीं येईल.

इ. स. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेचे बैल हांकणारा कावसजी नांवाचा मराठा टिपूच्या हातीं सांपडला आणि नाक व एक हात गमावून परतला. सुमारें वर्षानें पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या कुंभार जातीच्या कारागिरानें त्यास नवें नाक करून दिलें. नाकाच्या खुंटावर मेणाची पातळ चकती बसवून, ती सपाट करून कपाळावर ठेवली. तिच्या कडेनें रेघ काढून तेवढें कातडें सोडविलें. आणि डोळ्यांमधील पट्टी जोडलेलीच ठेवून तें खालीं वळविलें. वर पाण्यांत कालविलेल्या काताची पट्टी! हा वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकांत आला, आणि १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू यानें तेथें हीच रीत वापरली.

या वृत्तांतांतील एक बारकावा सहसा कोणी सांगत नाहीं. सुमारें २५ व्या दिवशीं ती पट्टी कापीत, आणि नाकास डौल येण्यासाठीं तेव्हां पुन्हा थोडें सोडवावें लागे. सुश्रुतानेंही नवें नाक उणें पडल्यास वाढविण्यास व मांस अधिक झाल्यास सारखें करण्यास सांगितलेंच आहे. अर्थात् दुसरा हात फिरविणें म्हणजे पहिला वैद्य अडाणी ठरला, असें नव्हे.

परंतु घाई मात्र घातक. साखरखेर्ड्याहून शहरास जाऊन नाक नीट करून आलेल्या एखाद्या तरुणीस दुसऱ्याच महिन्यांत आप्तेष्ट "शेंडा जाडच दिसतो" म्हणूं लागतात. तो असतोच, कारण सूज उतरलेली नसते. ती पुरती ओसरून आंतील व्रण मऊ होण्यास बहुधा वर्ष लागतें. कातडें जाड असल्यास अधिकही. तोंवर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय करूं नये, असा शस्त्रवैद्यांचा सामान्य नियम आहे. ताप, पू, वाढती वेदना किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर मात्र त्याच दिवशीं वैद्याकडे जावें.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून कठीण असते. व्रणामुळें थर एकमेकांस चिकटलेले असतात व कातड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मधल्या पडद्याची कूर्चा पहिल्या वेळींच खर्ची पडली असल्यास ती कानाची, प्रसंगीं बरगडीची घ्यावी लागते. तंबाखू व विडी यांनीं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाहीं. वऱ्हाडांत हें मुद्दाम सांगावें लागतें. श्वास कोंडत असेल तर शस्त्रक्रियेस सबळ कारण आहे. आरशांत रोज नवा दोष दिसत असेल, तर सुज्ञ शस्त्रवैद्य सुरी बाजूस ठेवून रुग्णास मानसतज्ज्ञाकडे धाडतो.

नव्या वैद्याकडे जातांना पहिल्या शस्त्रक्रियेचा लेखी तपशील व जुनीं छायाचित्रें न्यावींत. कोठली कूर्चा काढली, कोठें काय बसविलें, हें त्यावांचून कळत नाहीं. कागद मागण्यास संकोच नको. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणें रुग्णानें मागितल्यावर ते ७२ तासांच्या आंत द्यावे लागतात.