चमचाभर तेल आणि टेनिसचे मैदान

आमच्या शेजारच्या वहिनींचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून कुरकुरत होते. डॉक्टरांनी संधिवाताची औषधे दिली आणि जोडीला माशाच्या तेलाच्या कॅप्सुली. वहिनींच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही. पण दुखणे माणसाकडून काय काय करवून घेते! रोज पहाटे अनशेपोटी, डोळे गच्च मिटून, त्या पाण्याबरोबर कॅप्सूल गिळत. तीन महिने उलटले तरी गुण दिसेना. तेव्हा चिरंजीवांनी दिवाळीच्या बोनसातून 'नॅनो' तेलाची बाटली आणायचे ठरवले. किंमत ऐकून वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तेल ते तेलच ना? मग हे नॅनो म्हणजे काय?"

प्रश्न अगदी बिनतोड होता. चकल्या तळलेली कढई नुसत्या पाण्याखाली धरून पाहा. तेल जागचे हलत नाही. पोटातही हीच पंचाईत. आतड्यात सगळा पाण्याचा कारभार आणि तेल पाण्यात मिसळायला तयार नाही. ते पचवणारा स्वादुपिंडाचा रस तेलाच्या थेंबात शिरत नाही, त्याच्या पृष्ठभागावरच काम करतो. म्हणून पित्तरस साबणासारखा धावून येतो आणि तेलाचे बारीक थेंब करतो. मात्र हे पित्त पिशवीतून भरपूर सुटते ते जेवणात तूप-तेल आल्यावर. पहाटेच्या रिकाम्या पोटी त्याला कोण बोलावणार?

१९८८ साली लॉसन आणि ह्यूज या संशोधकांनी हेच मोजून पाहिले. माशाचे तेल मूळ स्वरूपात, पण कमी स्निग्ध जेवणाबरोबर दिले तेव्हा त्यातल्या उपयुक्त आम्लांपैकी एक ६९ टक्के शोषले गेले. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर ९० टक्के. काही कॅप्सुलींत ही आम्ले 'एथिल एस्टर' या बदललेल्या रूपात असतात. त्यांचे शोषण तर तशा जेवणाने तिपटीने वाढून ६० टक्क्यांवर गेले!

आता नॅनोकडे वळू. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाच मिलिलिटर, म्हणजे चमचाभर, तेलाचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे १४ चौरस सेंटिमीटर, पोस्टाच्या दोन तिकिटांएवढा. त्याच तेलाचे शंभर नॅनोमीटर व्यासाचे थेंब केले, तर तो पृष्ठभाग ३०० चौरस मीटर होतो. टेनिसचे अख्खे मैदान झाकून वर उरेल! पाचकरसाला एवढे मैदान मोकळे मिळाले की काम झपाट्याने होते. अशा मिश्रणाला शास्त्राच्या पुस्तकांत 'पायस' म्हणतात. खिरीशी त्याचा संबंध नाही. ते करण्याची एक रीत म्हणजे तेल-पाणी प्रचंड दाबाने अरुंद फटीतून दवडायचे. १८९९ साली ऑग्युस्त गोलँ या फ्रेंच गृहस्थाने दुधासाठी असेच यंत्र काढले होते.

म्हणजे ही कल्पना थोतांड नव्हे. अवयवरोपणानंतर लागणारे सायक्लोस्पोरीन हे औषध तेलातूनच दिले जाई. ते किती शोषले जाईल हे पित्तावर अवलंबून, त्यामुळे मात्रेचा भरवसा नसे. १९९० नंतरच्या दशकात ते पोटात आपोआप बारीक थेंब होणाऱ्या रूपात आले आणि मात्रा बरीच स्थिर झाली. स्वादुपिंड किंवा पित्त ज्यांना दगा देते, त्यांना तेलाच्या बाबतीतही असा आधार मोलाचा ठरू शकतो.

पण पृष्ठभाग वाढला की हवेलाही तेवढेच मैदान मिळते. माशाचे तेल मुळातच लवकर खवट होणारे. बारीक थेंबांत ते आणखी जपावे लागते. शिवाय तेल शोषले गेले म्हणजे दुखणे पळाले असे नाही. त्यातल्या आम्लांनी सांध्यांची सूज आणि आखडलेपणा काहीसा उतरतो, तोही दोन-तीन महिने नेमाने घेतल्यावर. जवसाच्या चटणीवर भिस्त ठेवणाऱ्यांना सांगायचे, तर जवसातल्या आम्लाचे या आम्लांत रूपांतर शरीर फारच थोडे करते. शाकाहाऱ्यांसाठी शेवाळापासून काढलेले तेल मिळते, हे मी वहिनींना सांगितले तेव्हा त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, की इतके दिवस मी ते मुद्दाम लपवून ठेवले होते.

डॉक्टरांना विचारून वहिनींनी कॅप्सूल दुपारच्या वरण-भात-तुपानंतर घ्यायला सुरुवात केली. बाटली दुकानातच राहिली. जिना चढताना कठडा अजून लागतो. सकाळचा आखडलेपणा मात्र कमी आहे म्हणतात. तेलाने की डॉक्टरांच्या गोळ्यांनी, कोण जाणे. डोळे मात्र अजून मिटूनच घेतात. आधीच्या कॅप्सुली अजून संपायच्या आहेत ना!