पाकातलं पाणी आणि चिवट नूगा

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात नाताळच्या आदल्या रात्री जेवण झालं की टेबलावर तेरा गोड पदार्थ मांडायची रीत आहे. येशू आणि त्याचे बारा शिष्य, म्हणून तेरा. सुकं अंजीर, मनुका, बदाम हेही त्या तेरांत मोजले जातात, म्हणून बरं. नाहीतर घरातल्या माणसांची नाताळ चुलीपाशीच संपली असती. यादी घरागणिक बदलते, पण दोन पदार्थ सहसा चुकत नाहीत. एक काळा नूगा आणि दुसरा पांढरा नूगा.

काळा नूगा आपल्याला परका वाटायचं कारण नाही. मध तांबूस-काळसर होईपर्यंत आटवायचा, त्यात बदाम घालायचे आणि थापायचं. गुळाच्या जागी मध आणि शेंगदाण्यांच्या जागी बदाम आले, एवढं सोडलं तर ही चिक्कीच आहे. पांढऱ्या नूगाचं प्रकरण निराळं. मध तोच, बदाम तेच, शिवाय साखर, आणि या सगळ्यात भर म्हणून अंड्यातल्या पांढऱ्याचा फेस. त्या फेसामुळे काळ्याचं पांढरं होतं आणि कडकडा मोडणारी वडी दाताखाली वाकायला, ताणायला लागते.

या पांढऱ्या नूगाची राजधानी म्हणजे ऱ्होन नदीच्या खोऱ्यातलं माँतेलिमार. जवळच्याच विवारे भागात ऑलिव्हिए द सेर या शेतीतज्ज्ञाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बदामाच्या लागवडीला चालना दिली, असं मानलं जातं. मध तर तिथे लव्हेंडरच्या शेतांमुळे होताच. पुढे या गावचे नगराध्यक्ष एमिल लूबे १८९९मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि पाहुण्यांच्या हाती गावचा नूगा ठेवू लागले. यापेक्षा चांगली जाहिरात कोणाला मिळणार? पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे सुट्टीला निघालेल्या गाड्या राष्ट्रीय मार्ग ७ वरून याच गावातून जायच्या, आणि गाडी थांबली की नूगाची खरेदी व्हायची. लोणावळ्याला चिक्की घेणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आज 'माँतेलिमारचा नूगा' म्हणवून घ्यायचं तर त्यात किमान ३० टक्के बदाम, किंवा २८ टक्के बदाम आणि २ टक्के पिस्ते असावे लागतात. मधाचं किमान प्रमाणही ठरलेलं आहे.

नूगाचे भाऊबंद सगळीकडे आहेत. स्पेनमध्ये नाताळात तुरॉन खातात. आलिकान्तेचा कडक आणि हिहोनाचा मऊ. इटलीत क्रेमोनाचा तोरोने. इराणात इस्फहानचा गझ, जो नवरोजला हवाच. गझमध्ये पारंपरिक पद्धतीत मधाऐवजी एका काटेरी झुडपावरच्या किड्यांनी सोडलेला गोड चिकटा वापरतात. ऐकायला कसंतरी वाटेल, पण मध तरी वेगळा कुठे बनतो? परदेशातून येणारे नातेवाईक जो तिकोनी टॉब्लेरोन आणतात, त्यातले दाताला लागणारे कणही मध-बदामाच्या नूगाचेच. १९०८मध्ये बर्नमध्ये टोबलर यांनी ते चॉकलेट काढलं तेव्हापासून ते त्यात आहेत. स्निकर्सच्या तळाचा मऊ थरही नूगाच, फक्त जास्त हवा भरलेला आणि बदाम-मधाशी फारसं देणंघेणं नसलेला.

आता घरच्या नूगाकडे वळू. घरी केलेला नूगा फसतो तो बहुतेकदा दोन प्रकारे. एक तर वडी पडत नाही, ताटात पसरते. नाहीतर दगड होतो. दोन्ही वेळा दोष साखरेला किंवा अंड्याला दिला जातो. खरा गुन्हेगार असतं ते पाणी. तयार नूगात पाणी साधारण पाच ते दहा टक्के असतं. याच्या वर गेलात की घट्ट मधासारखा लगदा, खाली गेलात की काच.

'काच' हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. पाक आटवून झटकन थंड केला की साखरेच्या रेणूंना शिस्तीत रांगा लावून स्फटिक व्हायला सवड मिळत नाही. ते आहेत तिथे, आहेत तसे अडकून पडतात. खिडकीच्या काचेतली अणूंची रचना अशीच विस्कळीत असते. चिक्की आणि लॉलीपॉप या अर्थाने काचच आहेत. या काचेत पाण्याचे थोडे रेणू मिसळले की ते साखरेच्या रेणूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकायला वाव देतात आणि काच मऊ पडते. दोन-तीन टक्के पाण्याला ती टणक असते, सात-आठ टक्क्यांना चिवट. नूगाची सगळी कला या मधल्या पाच टक्क्यांत आहे.

मग पातेल्यातल्या उकळत्या पाकात किती टक्के पाणी उरलं हे ओळखायचं कसं? आपल्या आज्या बोटांनी ओळखायच्या: एकतारी, दोनतारी, गोळीबंद. चिक्कीच्या गुळाचा थेंब पाण्यात टाकून तो ताटलीवर टण्ण वाजतो का पाहायच्या. थर्मामीटर हेच काम आकड्यात करतो. पाण्यात साखर विरघळली की त्याचा उत्कलनबिंदू चढतो, आणि पाणी आटेल तसा चढतच राहतो. ११५ अंश सेल्सियसला उकळणाऱ्या पाकात साधारण ८५ टक्के साखर असते, १२० अंशांना ८७-८८ टक्के, १४०च्या आसपास ९५ टक्के, आणि १५०च्या पुढे जेमतेम एक टक्का पाणी उरतं. म्हणजे पाकात बुडवलेला थर्मामीटर नावाला तापमान दाखवतो, खरं मोजतो ते पाणी.  जितकं पाणी जाईल तितकाच काटा चढणार.

यात एक मेख आहे. उंचीवर पाणी लवकर उकळतं, दर ३०० मीटरला सुमारे एक अंश कमी. पुण्यात ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना. पाकाचे सगळे आकडे तेवढेच खाली येतात. मुंबईच्या बहिणीने पाठवलेला १४५चा आकडा महाबळेश्वरात तसाच पाळला तर पाक गरजेपेक्षा जास्त आटणार. म्हणून आधी थर्मामीटर साध्या उकळत्या पाण्यात बुडवा. १००ला जितके अंश कमी दाखवेल, तितके पाककृतीतल्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. थर्मामीटरची स्वतःची चूकही त्यातच निघून जाते.

घरी बेताचा नूगा करायचा तर साहित्य असं: साखर ३०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम, पाणी १०० मिली, मध २०० ग्रॅम, दोन अंड्यांतलं पांढरं, चिमूटभर मीठ, ३०० ग्रॅम भाजलेले बदाम आणि ५० ग्रॅम पिस्ते. लिक्विड ग्लुकोज केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळतो. तो आणि मध ही चवीपुरती भरती नाही. नुसत्या साखरेचा पाक घोटत राहिलात तर त्याची परत साखर होते, नूगा रवाळ होतो. स्फटिकाला एकाच घडणीचे रेणू लागतात. मधातले ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि लिक्विड ग्लुकोजमधल्या लांब साखळ्या त्या रांगेत मध्येच घुसतात आणि रांग मोडते. आपल्याला नेमकी तीच मोडायची आहे. मध शक्यतो फिक्या रंगाचा घ्या. महाबळेश्वरचा जांभळाचा मध नुसता खायला उत्तम, पण नूगाला काळपट छटा देईल.

साखर, लिक्विड ग्लुकोज आणि पाणी एका पातेल्यात १४५ अंशांपर्यंत न्यायचं, मध दुसऱ्यात १२१पर्यंत. मधाचं पातेलं मोठं घ्या, तो दुधासारखा उतू जातो. दोन वेगळे आकडे का, आणि चिवट वडीसाठी पाक १४५पर्यंत, जवळजवळ चिक्कीच्या टोकाला का न्यायचा, हा प्रश्न पडायला हवा. उत्तर अंड्यात आहे. अंड्यातल्या पांढऱ्यात जवळपास नव्वद टक्के पाणीच असतं. दोन अंडी म्हणजे साठेक ग्रॅम पांढरं, त्यात पन्नास-पंचावन्न ग्रॅम पाणी. पाकातून आटवून काढलेलं पाणी आपण फेसाच्या रूपाने परत घालतो! त्याची भरपाई आधीच करून ठेवावी लागते. तरीही हिशेब मांडला तर सगळं एकत्र केल्यावर पाणी तेरा-चौदा टक्के भरतं. लक्ष्यापेक्षा चाळीसेक ग्रॅम जास्त.

बऱ्याच पाककृती इथेच गप्प बसतात. पाक ओतला, फेटलं, ताटात काढलं. आणि मग वडी का पडत नाही म्हणून लोक हळहळतात. माँतेलिमारमध्ये जुन्या पद्धतीने मिश्रण तांब्याच्या कढईत, खालून वाफेची किंवा गरम पाण्याची मंद आच देत, कितीतरी वेळ घोटतात. ते घोटणं म्हणजे हे उरलेलं पाणी घालवणं. घरी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वीस-तीस मिनिटं लाकडी उलथन्याने ढवळत राहावं लागतं. मिक्सरच्या भरवशावर राहू नका. या टप्प्यावर हँड मिक्सरची मोटर रडायला लागते.

फेस हा दुसरा चमत्कार. पांढऱ्यातल्या प्रथिनांच्या रेणूंच्या घट्ट गुंडाळ्या असतात. फेटताना त्या उलगडतात, हवेच्या बुडबुड्याभोवती पसरतात आणि एकमेकांना धरून पातळ पापुद्रा करतात. पिवळ्याचा थेंब किंवा भांड्याला तेलाचा हात लागला असेल तर स्निग्ध पदार्थ त्या जागा बळकावतो आणि फेस धरत नाही. पांढरं मऊ टोकं येईपर्यंत फेटा, मग चालू फेटण्यात बारीक धारेने १२१ अंशांचा मध, त्यामागून १४५ अंशांचा पाक. अंड्यातलं मुख्य प्रथिन ओव्हाल्ब्युमिन ऐंशी अंशांच्या वर घट्ट होतं. कढत पाक पडताच बुडबुड्यांच्या भिंती शिजतात आणि हवा आत कोंडली जाते. नूगाचा रंगही इथलाच. पिवळसर पारदर्शक पाकात लाखो बुडबुडे शिरले की प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि मिश्रण डोळ्यांदेखत हस्तिदंती पांढरं होतं. कच्च्या अंड्याची भीती वाटणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की पाण्यावर ठेवून घोटताना सगळं मिश्रण बराच वेळ सत्तर अंशांच्या वर राहतं. साल्मोनेला त्यात टिकत नाही.

अंडं न खाणाऱ्यांसाठी काबुली चणे उकडलेलं दाट पाणी आहे. २०१४मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने ते अंड्यासारखं फेसाळतं हे दाखवून दिलं. मात्र त्याचा फेस उष्णतेने अंड्यासारखा शिजून घट्ट होत नाही, त्यामुळे नूगा जरा नरम होतो. पाक तीन-चार अंश जास्त चढवून पाहा.

मिश्रण झालं की नाही यासाठी आज्यांचीच परीक्षा: चमचाभर मिश्रण गार पाण्यात टाकून बोटांनी वळा. घट्ट गोळी व्हावी, बोटाला चिकटू नये, आणि दाबली की हळूहळू दबावी. मग बदाम-पिस्ते गरम असतानाच घाला. गार मेवा पडला की मिश्रण तिथेच आखडतं आणि ढवळणं अशक्य होतं. ट्रेमध्ये वेफर पेपर अंथरा, वर नूगा, त्यावर पुन्हा वेफर पेपर, आणि लाटण्याने दाबून सपाट करा. हा कागद स्टार्चचा असतो, खाल्ला तरी चालतो. व्हिएतनामी रोलसाठी मिळणारा राइस पेपर वेगळा, तो आणू नका. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी तेल लावलेल्या करवती सुरीने कापा.

पाणी मात्र एवढ्यावर पिच्छा सोडत नाही. मधातला फ्रुक्टोज हवेतलं बाष्प ओढून घेतो. दमट हवेत उघड्या राहिलेल्या वडीवर काही तासांत चिकट थर येतो. कोकणात, मुंबईत हे हमखास होतं. त्या मानाने डिसेंबरातली देशावरची कोरडी हवा नूगाला मानवते, तेव्हा नाताळचा मुहूर्त हवामानाच्या दृष्टीनेही बरा. पावसाळ्यात हा खटाटोप करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुकडे लगेच बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवले तर दोन-तीन आठवडे छान राहतात. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच त्यावर दव धरतं.

दोन सूचना राहिल्या. १४५ अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी वाईट भाजतो, कारण तो कातडीला चिकटून बसतो. मुलांना मदतीला घ्यायचं तर मेवा सोलायला घ्या, पाकाजवळ नको. मध असल्यामुळे वर्षाखालच्या बाळाला हा नूगा अजिबात चाटवू नका. आणि शेवटी चिकटलेली पातेली बघून घाबरू नका, तारेची घासणीही काढू नका. पातेल्यात पाणी भरा, उलथनं त्यातच बुडवा आणि पाच मिनिटं उकळा. साखर आपोआप विरघळून जाते.