जॉर्ज हॅरिसन

जॉर्ज हॅरिसन (२५ फेब्रुवारी, १९४३:लिव्हरपूल, इंग्लंड - २९ नोव्हेंबर, २००१:लॉस एंजेलस, अमेरिका) हे द बीटल्स या रॉक संगीतसमूहाचे प्रमुख गिटारवादक, गायक व गीतकार होते. रॉक संगीताच्या श्रोत्यांना भारतीय रागसंगीताकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

सतारीचे शिक्षण

१९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वूड' या गीतात त्यांनी सतार वाजवली. मात्र तोवर त्यांचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे शिकण्यासाठी ते मुंबईस आले. चाहत्यांच्या गर्दीमुळे पुढील शिक्षण श्रीनगरला झाले. सतारीस लागणारी दीर्घ साधना लक्षात घेऊन १९६८ च्या सुमारास ते पुन्हा गिटारकडे वळले. त्यांच्या नंतरच्या स्लाइड गिटारवादनात मात्र सतारीच्या मींडेचा प्रभाव जाणवतो.

मुंबईतील ध्वनिमुद्रण

जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा काही भाग भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रित केला. शिवकुमार शर्मा (संतूर) व हरिप्रसाद चौरसिया (बासरी) हे त्यांपैकी होत. तेथेच 'द इनर लाइट' या गीताचे वाद्यसंगीत तयार झाले. गायन लंडनमध्ये मुद्रित झाले. बीटल्सच्या एकल ध्वनिमुद्रिकेवर आलेले हॅरिसन यांचे हे पहिले गीत होय.

१ ऑगस्ट, १९७१ रोजी रविशंकर यांच्या विनंतीवरून त्यांनी बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी न्यू यॉर्कमध्ये मदतनिधी मैफली आयोजित केल्या.