ठेव बुडवल्याचा खटला कोर्टात कसा चालतो? शिक्षा आणि पैसे, दोन्हींची वाट वेगळी

२०१९ ची दिवाळी तोंडावर आली होती. त्याच आठवड्यात डोंबिवलीतल्या गुडविन ज्वेलर्सच्या शोरूमला कुलूप लागलं. कुणी तिथे मुदत ठेव ठेवली होती, कुणी दरमहा हप्ता भरून सोनं जमवत होतं. ठाण्यासह इतर शहरांतल्या शाखाही बंद झाल्या. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला, तपास ठाणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये मालक असलेल्या दोन भावांना अटक झाली.

अशा प्रकरणात अटकेपर्यंतच्या बातम्या मोबाइलवर भराभर फिरतात. पुढे खटला कोर्टात जातो आणि चर्चा थांबते. ठेवीदाराचं खरं काम मात्र तिथेच सुरू होतं.

सामान्य माणूस कोर्टात बसू शकतो का?

हो. फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो आणि जागा असेल तोवर कुणीही मागे बसून ऐकू शकतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये ही तरतूद होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३६६ मध्ये आहे. गरज वाटल्यास न्यायाधीश लोकांना बाहेर जायला सांगू शकतात. फोन बंद ठेवावा लागतो आणि परवानगीशिवाय रेकॉर्डिंग चालत नाही. पुढची तारीख ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सीएनआर क्रमांक टाकून कळते.

ठेवी बुडवल्याचे खटले राज्यात 'एमपीआयडी' म्हणजे ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणाऱ्या १९९९ च्या कायद्याखाली चालतात. त्यासाठी विशेष न्यायालय नेमलेलं असतं. म्हणून गुन्हा डोंबिवली किंवा कल्याणमध्ये नोंदवला गेला, तरी सुनावणीसाठी ठाणे गाठावं लागतं.

आत नेमकं काय घडतं?

बोर्डावरच्या क्रमाने पुकारा होतो. आरोपीची हजेरी लागते. बऱ्याचदा साक्षीदार आलेला नसतो किंवा वकील मुदत मागतात, आणि पाच मिनिटांत नवी तारीख पडते. त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात लिहिलं जातं. तारीख का पडली, हे रोजनामा वाचून समजतं.

खटल्याची खरी सुरुवात दोषारोप निश्चित झाल्यावर होते. मग साक्षी येतात. सरकारी वकील आपल्या साक्षीदाराला प्रश्न विचारतात, ती सरतपासणी. बचावाचे वकील विचारतात, ती उलटतपासणी. मान्य झालेल्या प्रत्येक कागदाला 'निशाणी' क्रमांक मिळतो. ठेवीदाराने "माझे पैसे बुडाले" म्हणणं पुरेसं नसतं. पैसे कधी दिले, कसे दिले, पावतीवर सही कुणाची आहे, हे त्याला सांगावं लागतं.

इथे अनेकजण व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटवर विसंबतात. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची असेल तर सोबत प्रमाणपत्र हवंच. मूळ फोनच हजर करून मालकाने तो आपला असल्याचं सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नसते. म्हणून जुना फोन विकून टाकण्याआधी विचार करावा.

"धंदा बुडाला, फसवणूक नाही"

बचाव पक्षाचा हा नेहमीचा मुद्दा असतो, आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० पुरता तो वजनदारही आहे. फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता, हे तिथे सिद्ध करावं लागतं. नुसता शब्द मोडणं म्हणजे फसवणूक नव्हे.

एमपीआयडीचं कलम ३ इथेच वेगळं पडतं. व्यवहारात पाळताच येणार नाहीत अशी आश्वासनं देऊन ठेवी घेतल्या आणि त्यामुळे पैसे परत करता आले नाहीत, तरी कायदा ते कपटाने केलेलं मानतो. ठेवींचा पैसा मुळातच जोखमीच्या ठिकाणी गुंतवून तो अडकला, तरीही तेच. शिक्षा सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

'ठेव' या शब्दाचा अर्थही मोठा आहे. ठरावीक मुदतीनंतर रोख, वस्तू किंवा सेवेच्या रूपात परत करायच्या बोलीवर घेतलेले पैसे त्यात येतात. एनएसईएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये हा व्यापक अर्थ मान्य केला. त्यामुळे "आम्ही ठेव नाही, सोन्याचे हप्ते घेत होतो" एवढं म्हणून सुटका होत नाही.

मग पैसे कधी मिळतात?

बहुतेकांची गल्लत इथे होते. आरोपीला शिक्षा झाली म्हणून पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी त्याच न्यायालयात जप्तीचं कामकाज वेगळं चालतं.

आधी सरकार कलम ४ खाली जप्तीचा आदेश काढतं. किमान उपजिल्हाधिकारी दर्जाचा 'सक्षम प्राधिकारी' मालमत्ता ताब्यात घेतो आणि जप्ती कायम करण्यासाठी ३० दिवसांत न्यायालयाकडे अर्ज करतो. न्यायालय मालकाला आणि हक्क सांगणाऱ्या इतरांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकतं. दुकान किंवा फ्लॅटवर हक्क सांगणाऱ्यांचे वाद इथेच रंगतात आणि बराचसा वेळ इथेच जातो. जप्ती कायम झाली की विक्री होते आणि रक्कम ठेवीदारांमध्ये न्याय्य प्रमाणात वाटली जाते. मालमत्ता कमी आणि ठेवीदार जास्त असतील, तर प्रत्येकाला त्याच्या ठेवीचा काही भागच मिळतो.

त्यामुळे रजा टाकून, लोकल पकडून ठाण्याला जाणाऱ्या ठेवीदाराने आज कुठलं कामकाज आहे ते आधी बघावं: साक्षीचं की जप्तीचं. आपलं नाव आणि रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याच्या यादीत बरोबर आहे ना, याची खात्री करावी. मूळ पावत्या पोलिसांकडे दिल्या असतील, तर पोच आणि झेरॉक्स जपून ठेवावी. गट करून रोजनामे आळीपाळीने पाहिले, तर प्रत्येक तारखेला प्रत्येकाने जायची गरज उरत नाही.