झाकणावरचे नाव आणि आतले पॅनेल

तळेगाव ढमढेरेसारख्या गावांच्या बाजारपेठेत अनेक पिढ्यांची कीर्द-खतावणी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत सांभाळली गेली. आज त्याच गादीशेजारी लॅपटॉप उघडा असतो. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, टॅलीतील खाती, बँकेचे व्यवहार, घाऊक व्यापाऱ्याने पाठविलेली साड्यांची छायाचित्रे आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास, हे सारे त्या एका पडद्यावर चालते. दिवाळीच्या वहीपूजनातही कित्येक घरांत वहीशेजारी लॅपटॉपला जागा मिळू लागली आहे.

असे असूनही लॅपटॉप घेताना आपण पडद्याविषयी फारसे विचारत नाही. प्रोसेसर कोणता, रॅम किती, किंमत काय, हे प्रश्न हमखास होतात. ज्या भागाकडे घरातील माणसे दिवसाचे सात-आठ तास पाहणार आहेत, त्याच्या बाबतीत मात्र ‘पंधरा इंची आहे ना?’ एवढ्यावर समाधान मानले जाते. वानगी हातात घेतल्याशिवाय धान्याचे पोते न उचलणाऱ्या आणि पोत चिमटीत धरल्याशिवाय ठाण न घेणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी चाळीस-पन्नास हजारांची वस्तू अशी घ्यावी, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. म्हणून या लेखात निरनिराळ्या उत्पादकांच्या पॅनेलांची तुलना कशी करावी, याचा विचार करू.

पॅनेल बनवतो कोण?

लॅपटॉपच्या झाकणावर ज्या कंपनीचे नाव असते, ती कंपनी सहसा पॅनेल स्वतः बनवीत नाही. डेल, एचपी, लेनोव्हो, एसर, आसुस या कंपन्या पॅनेल विकत घेतात. ते बनविणारे उत्पादक जगात मोजकेच आहेत. दक्षिण कोरियाची एलजी डिस्प्ले १९९९ मध्ये फिलिप्सबरोबरच्या भागीदारीतून उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने सध्याचे नाव धारण केले. तैवानची एयूओ २००१ मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून, तर इनोलक्सचे आजचे स्वरूप २०१० मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन साकारले. चीनची बीओई १९९३ मध्ये स्थापन झाली. २००३ मध्ये कोरियातील हायडिस कंपनीचा पॅनेल व्यवसाय विकत घेऊन तिने या क्षेत्रात आपला पाया घातला. जपानची शार्प या क्षेत्रातील जुनी जाणकार असून २०१६ पासून तिची सूत्रे तैवानच्या फॉक्सकॉन समूहाकडे आहेत. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडीचे उत्पादन थांबविले आणि आपले सारे लक्ष ओएलईडीकडे वळविले.

आपल्या शिरूर तालुक्यातील वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न येईल. तळेगावाहून शिक्रापूरला येऊन अहिल्यानगरच्या दिशेने महामार्गाला लागले, की पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत येते आणि तेथे एलजीचा मोठा कारखाना आहे. मग एलजीचे पॅनेल आपल्याकडेच तयार होते काय? तसे नाही. रांजणगावचा कारखाना एलजी इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. पॅनेल बनविणारी एलजी डिस्प्ले ही त्याच समूहातील वेगळी कंपनी असून तिचे मूळ कारखाने कोरियातील पाजू आणि गुमी येथे आहेत. ती आपले पॅनेल एलजीच्या स्पर्धकांनाही विकते.

महाराष्ट्राने या उद्योगाशी दोनदा नाते जोडू पाहिले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला. पण नेमक्या त्याच काळात सपाट पॅनेलांनी त्या ट्यूबला जगभर मागे सारले. पुढे २०१६ मध्ये वेदांता समूहाच्या ट्विनस्टार कंपनीने नागपूरजवळ बुटीबोरी येथे पॅनेलचा कारखाना काढण्याची योजना जाहीर केली. ती प्रत्यक्षात उतरली नाही. त्यामुळे आपल्या लॅपटॉपचे पॅनेल आजही बाहेरूनच येते.

एकाच गिरणीतले निरनिराळे वाण

‘मग यांपैकी कोणत्या कंपनीचे पॅनेल चांगले?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. एकाच कापड गिरणीतून मांजरपाटही निघते आणि तलम मलमलही. पॅनेलच्या कारखान्याचेही तसेच आहे. बीओईचे स्वस्त आणि फिकट पॅनेल असते, तसेच रंगांत अत्यंत सरस असे पॅनेलही असते. एलजी, एयूओ, इनोलक्स यांच्या बाबतीतही हेच खरे आहे. उत्पादकाचे नाव कळल्याने आपल्याला गिरणी कळते, वाण कळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की लॅपटॉप कंपन्या एकाच मॉडेलसाठी दोन-तीन उत्पादकांकडून पॅनेल घेतात. पुरवठा अखंड राहावा आणि भाव आटोक्यात राहावा, हा त्यामागचा व्यापारी हिशोब आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. परिणाम मात्र असा, की दोन भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे लॅपटॉप घेतले तरी एकात एयूओचे आणि दुसऱ्यात बीओईचे पॅनेल निघू शकते. शेजाऱ्याचा लॅपटॉप पाहून तसाच मागविला, एवढ्याने पडदाही तसाच मिळेल याची खात्री नसते.

वाण ओळखण्याच्या खुणा

पहिली खूण पॅनेलच्या जातीची. द्रवस्फटिकांचा शोध १८८८ मध्ये फ्रीडरिश राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला लागला. त्यांपासून व्यवहारोपयोगी पडदा बनण्यास मात्र ऐंशीहून अधिक वर्षे गेली. १९७० च्या सुमारास पुढे आलेली टीएन ही जुनी आणि स्वस्त जात होय. तिच्याकडे समोरून पाहिले तर ठीक; बाजूने किंवा खालून पाहिले की रंग उलटेपालटे दिसू लागतात. हिताचीने १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या आयपीएस जातीत हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला. याच तत्त्वावरील पॅनेलला एयूओ ‘एएचव्हीए’ म्हणते आणि बीओई ‘एडीएस’ म्हणते. नावे निराळी असली तरी कुळ एकच. माहितीपत्रकात ‘आयपीएस’ऐवजी ‘वाइड व्ह्यूइंग अँगल’ असे लिहिलेले असते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरी खूण बिंदूंची संख्या. १३६६ × ७६८ बिंदूंच्या जुन्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख बिंदू असतात. १९२० × १०८० च्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६००. टॅलीतील अक्षरे आणि लांबलचक तक्त्यांतील आकडे स्पष्ट दिसावेत, यासाठी आज फुल एचडीच्या खाली जाऊ नये.

तिसरी खूण उजेडाची. तो ‘निट’ या मापाने मोजतात. स्वस्त पॅनेल साधारणतः २२० ते २५० निटचे असते. आतल्या खोलीत तेवढे पुरते. रस्त्याकडे तोंड असलेल्या, दिवसभर ऊन आत येणाऱ्या दुकानात ३०० ते ४०० निट असलेले बरे.

चौथी खूण रंगांच्या व्याप्तीची, आणि व्यापाऱ्यांनी हिच्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की छायाचित्रांसाठी सर्वत्र प्रचलित असलेल्या एसआरजीबी या रंगमानापैकी सुमारे साठ-पासष्ट टक्केच रंग तो पडदा दाखवू शकतो. ‘७२ टक्के एनटीएससी’ किंवा ‘१०० टक्के एसआरजीबी’ असे लिहिले असेल तर ते रंग जवळजवळ पूर्ण दिसतात.

कोणाला कोणते?

केवळ हिशोब, बिले आणि विवरणपत्रे एवढेच काम असेल, तर रंगांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ४५ टक्क्यांचे, परंतु आयपीएस जातीचे, फुल एचडी आणि प्रतिबिंब न पाडणारे मॅट पॅनेल पुरेसे आहे. १६:१० प्रमाणाचा थोडा उंच पडदा मिळाल्यास खात्याच्या अधिक ओळी एकाच वेळी दिसतात.

कापड, साड्या किंवा दागिन्यांचा व्यवसाय असेल, तर मात्र येथे काटकसर करू नये. फिकट पडद्यावर डाळिंबी आणि राणी यांतील फरक पुसट होतो, माणकाचा लाल रंग विटका दिसतो. अशा पडद्यावर पाहून माल मागविला आणि गाठोडे सोडल्यावर वेगळीच छटा निघाली, की परतीचा खर्च आणि जुन्या पुरवठादाराशी होणारी कटुता आपल्याच पदरी पडते. उलट अशा पडद्यावर छायाचित्राचे रंग गडद करून ग्राहकाला पाठविले, तर ग्राहकाच्या मोबाइलवर ते भडक दिसतात आणि दुकानाच्या शब्दाला उणेपणा येतो. चांगला पडदा घेतला तरी अखेरचा निर्णय प्रत्यक्ष कापड पाहूनच करावा, हे सांगणे नलगे.

ओएलईडी पडद्याचे काळे रंग गडद आणि बाकीचे रंग विलोभनीय असतात. परंतु बिलाच्या प्रणालीची तीच पट्टी रोज दहा तास एकाच जागी स्थिर राहत असेल, तर काही वर्षांनी तिची पुसट छाया पडद्यावर कायमची उमटण्याचा संभव असतो. दुकानाच्या गल्ल्यावर म्हणूनच एलसीडी बरा.

विद्यार्थ्यांसाठी पडद्याचे लुकलुकणे तपासावे. उजेड कमी केला असता काही पॅनेलांचा दिवा अतिशय वेगाने चालू-बंद होत राहतो. डोळ्यांना ते थेट दिसत नाही, तरी कित्येकांचे डोळे त्याने शिणतात, डोके जड होते.

दुकानात करावयाची परीक्षा

पडदा पूर्ण पांढरा करावा आणि कोपऱ्यांत पिवळसर डाग आहेत काय, ते पाहावे. मग पूर्ण काळा करून कडांमधून उजेड झिरपतो काय, हे पाहावे. झाकण मागेपुढे करून रंग पालटतात काय, ते तपासावे. उजेड निम्म्यावर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडद्याकडे पाहावे. काळसर पट्टे सरकताना दिसले तर पडदा लुकलुकतो असे समजावे. आपल्या दुकानातील एखादे ओळखीचे कापड सोबत न्यावे आणि त्याचेच छायाचित्र पडद्यावर उघडून दोन्ही शेजारी धरावीत. एखाद-दुसरा मृत बिंदू बहुतेक कंपन्या दोष मानत नाहीत. त्यांचा नियम पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

आतला उत्पादक ओळखणेही अवघड नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहिल्यास तीन अक्षरे दिसतात. एलजीडी म्हणजे एलजी डिस्प्ले, सीएमएन म्हणजे इनोलक्स, एसएचपी म्हणजे शार्प, एसडीसी म्हणजे सॅमसंग डिस्प्ले. बीओई आणि एयूओ आपल्याच नावाने येतात. पॅनेलचा पूर्ण क्रमांक त्याच्या पाठीवर छापलेला असतो. त्यातील १५६ हा आकडा १५.६ इंच दाखवितो आणि १४० हा १४ इंच. एलजीचा क्रमांक एलपीने, एयूओचा बीने, इनोलक्सचा एनने सुरू होतो. बीओईच्या क्रमांकात आरंभी ‘एनटी’ असल्यास ते टीएन जातीचे आणि ‘एनव्ही’ असल्यास रुंद कोनाचे समजावे.

पडदा फुटल्यास

कीबोर्डवर पेन किंवा बिलबुक राहिले आणि झाकण मिटले, एवढ्याने पॅनेल तडकते. अशी मोडतोड साध्या वॉरंटीत बसत नाही. मग आपण पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि ‘पंधरा इंची पडदा बसवा’ एवढेच सांगतो. आयपीएसच्या जागी टीएन बसते ते येथेच. जुने पॅनेल काढल्यावर त्याच्या पाठीवरील क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे. नवे पॅनेल दुसऱ्या उत्पादकाचे असले तरी चालते. मात्र आकार, बिंदूंची संख्या, जात, रंगांची व्याप्ती आणि जोडणीच्या पिना, म्हणजे तीस की चाळीस, हे सारे जुळले पाहिजे. ते नवे आहे की जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, हेही विचारावे आणि नव्या पॅनेलचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. बिलावर क्रमांक मागणाऱ्या ग्राहकाला हलका माल देण्यापूर्वी विक्रेता दोनदा विचार करतो, हे आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना कोणी वेगळे सांगावयास नको.